अब्बांची खोली आणि दोन ससे

ससा भित्रा असतो असं आपण सगळे पहिली-दुसरीतच शिकलो. पाठीवर पान पडलं की आभाळ पडलं म्हणत पळत सुटणारा. मी स्वतः ती गोष्ट दरवर्षी वर्गात सांगते. पण ज्याच्या घरात ससा मोकळा फिरतो त्याला विचारा. घरातला ससा पानाला घाबरत असेल, मिक्सरला घाबरत असेल, बंद दाराला मात्र मुळीच घाबरत नाही. 'इथे यायचं नाही' असं आपण ज्या खोलीबद्दल ठरवतो, नेमकी तीच खोली त्याला हवी असते. लोक याला खोडसाळपणा म्हणतात. मला तसं वाटत नाही. त्यामागे कारणं असतात, आणि ती शोधता शोधता माझी दीड-दोन वर्षं गेली.

माझं माहेर चिपळूणकडचं. घरात कोकणी बोली, शाळा उर्दू आणि बाजार मराठी, अशा तीन भाषांत मी वाढले. बी.एड. झाल्यावर लग्न होऊन मालेगावला आले आणि इथल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवायला लागले. घराला लागूनच पॉवरलूमचा कारखाना. दिवसरात्र मागांचा खडखडाट. पहिले सहा महिने मला झोप आली नाही, आता शुक्रवारी माग बंद असले की झोप येत नाही. सशांचंही तसंच झालं आहे. इतर दिवशी निवांत पसरलेले असतात, शुक्रवारी जरा कुठे भांडं वाजलं की कान टवकारून मागचा पाय जमिनीवर दणकन आपटतात. सशाची धोक्याची सूचना ती हीच.

घर जुनं आहे, पण अर्धंच. पुढची बैठक, आमची खोली, स्वयंपाकघर आणि मधला पॅसेज २०१६ मध्ये पाडून नव्याने बांधला, चकचकीत टाइल्स घातल्या. पॅसेजच्या शेवटची खोली तेवढी जुनी राहिली. ती अब्बांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. जाड दगडी भिंत, खाली कोबा, उत्तरेला खिडकी आणि खिडकीबाहेर शेजाऱ्यांचा कडुनिंब. "मेरा कमरा मत छेड़ो," असं त्यांनी गवंड्याला सांगितलं आणि गवंड्याने ते ऐकलं. अम्मींचा इंतकाल २०१९ मध्ये झाला. तेव्हापासून ते दार बहुतेक लावलेलंच असे.

अब्बा कातिब. हा शब्द आजच्या मुलांना समजावून सांगावा लागतो. उर्दूच्या नस्तालीक लिपीला खिळे बसवणं फार अवघड, म्हणून उर्दूची वर्तमानपत्रं आणि पुस्तकं कितीतरी दशकं आधी हाताने लिहिली जात आणि मग छापली जात. हे लिहिणारे ते कातिब. बातमी कोणाचीही असो, अक्षर कातिबाचं. लाहोरच्या 'जंग'ने १९८१ मध्ये नूरी नस्तालीक हे संगणकावरचं वळण वापरायला सुरुवात केली, आणि १९९० च्या दशकात इनपेज हे सॉफ्टवेअर आपल्याकडच्या छापखान्यांत शिरलं. त्यानंतर एकेक करून सगळे कातिब घरी बसले. अब्बा १९९८ मध्ये बसले. काही दिवस लग्नाच्या पत्रिका, दुकानांच्या पाट्या, मग तेही संपलं.

त्यांच्या खोलीत एक तख्त आहे, तख्ताशेजारी उतरतं लिहिण्याचं मेज, भिंतीतल्या फडताळात दौती आणि बोरू. कातिबाचा कलम म्हणजे आपला बोरूच, टोक तिरकं तासलेला. त्या टोकाने कागदावर एक ठिपका उमटवायचा, तो नुक्ता. कुठलं अक्षर किती नुक्ते उंच, किती नुक्ते रुंद, याचं माप ठरलेलं असतं. आणि फडताळाच्या खालच्या कप्प्यात कापडाच्या बस्त्यात बांधून ठेवलेली पानं. मालेगावच्या काही जुन्या शायरांच्या गझलांचा एक संग्रह अब्बांनी पूर्ण लिहून दिला होता, एकशे चौऱ्याऐंशी पानं, हाशिये आणि जदवलींसकट. छापखान्याने ऐन वेळी संगणक घेतला आणि पुस्तक पुन्हा टाइप करू म्हणाला. ते टाइप झालं नाही आणि छापलंही गेलं नाही. पानं परत आली ती इथे. दुसरी प्रत नाही.

आता ससे. २०२१ चा उन्हाळा. शाळा बंद, माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची, दिवसभर माझ्या मोबाइलवर तिसरीचा वर्ग. तिचे मामू नाशिकहून येताना जाळीच्या टोपलीत दोन पिल्लं घेऊन आले. दोन्ही माद्या. एक राखाडी, तिचं नाव मुलीने सुरमा ठेवलं. दुसरी पांढरीशुभ्र, फक्त नाकाच्या वर एक काळा ठिपका. अब्बा दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "ये तो नुक़्ता है." अम्मी गेल्यानंतर घरातल्या कुठल्या गोष्टीला त्यांनी आपणहून नाव दिलं ती ही पहिली वेळ. त्यामुळे मी मामूंना पिल्लं परत न्यायला सांगू शकले नाही.

(हे पाळीव ससे, बरं का. रानातला आपला ससा पकडून पाळायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे. आणि दोघांची जातही निराळी. रानातला ससा बीळ खणत नाही, गवतात अंग चोरून बसतो. पाळीव ससा मूळचा युरोपातला, स्पेनकडचा, जमिनीखाली बिळं खणून राहणारा. पुढे जे घडलं त्यात या बिळाचा मोठा वाटा आहे, म्हणून सांगितलं.)

सशांना गच्चीवर पिंजऱ्यात ठेवावं असं ह्यांचं म्हणणं होतं. पण मालेगावचा मे महिना. पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकतो. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांतून बाहेर टाकतो. तिशीच्या वर तापमान गेलं की तो धापा टाकू लागतो, आणि अशा उन्हात पिंजऱ्यातला ससा दुपारीच मरू शकतो. म्हणून ते घरात आले. घरात आले म्हणजे घरभर आले.

लोकांना वाटतं, घाण करणं ही सशाची मुख्य अडचण. ती सगळ्यात सोपी अडचण. ससा लघवीसाठी एक कोपरा स्वतःच निवडतो. त्या कोपऱ्यात कागदाच्या कपट्यांचा ट्रे ठेवायचा, त्याच्याच वर गवत टांगायचं, कारण खाता खाता विधी उरकणं हा त्याचा स्वभाव. आठ दिवसांत शिकतो. लेंड्या दिवसाला दोन-तीनशे पडतात, पण कोरड्या, केरसुणीने गोळा होणाऱ्या. वयात आल्यावर मात्र हद्द दाखवण्यासाठी जागोजाग शिंपडायला लागतात. त्यावर नसबंदी हाच उपाय. गावातल्या गुरांच्या डॉक्टरांनी सशाला हात लावायला नको म्हटलं, त्यांचं बरोबरच होतं. आम्ही दोघींना नाशिकला नेलं. त्यानंतर ती कटकट संपली.

खरी अडचण दातांची. सशाला अठ्ठावीस दात. पुढच्या वरच्या दोन दातांच्या मागे आणखी दोन बारीक दात लपलेले असतात, आणि त्यांच्यामुळेच १९१२ मध्ये शास्त्रज्ञांनी सशाला उंदरांच्या गणातून बाहेर काढून वेगळा गण दिला. हे दात मरेपर्यंत वाढत राहतात, आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर. ते झिजवायचे तर कुरतडणं भाग. विजेची वायर तर कात्रीने कापल्यासारखी कापतात. आमच्या मॉडेमची वायर दोनदा गेली. मग घरातली जमिनीलगतची प्रत्येक वायर जाड प्लास्टिकच्या नळीत घातली किंवा भिंतीवर चढवली. तो प्रश्न मिटला.

अब्बांची खोली मिटेना. मी एका सुट्टीत बसून नीट पाहिलं, या दोघी तिथे का जातात ते. एक तर घरातली सगळ्यात थंड जमीन तीच. कोब्यावर पोट टेकवून पडलं की त्यांना बरं वाटतं. दुसरं, तख्ताखालचा अंधार. तीन बाजूंनी बंद, समोरून उघडं, म्हणजे बीळच. तिसरं, बोरू आणि कागद. बोरू म्हणजे शेवटी गवताचीच जात, वाळलेली कांडी. कातिबासाठी ते कलम असतील, सशासाठी तो चारा. शिवाय ते दार दिवसभर बंद असतं आणि मग एकाएकी उघडतं. सशाच्या हिशेबाने ती त्याचीच हद्द, कोणीतरी मध्येच अडवून ठेवलेली. दार बंद दिसलं की नुक्ता त्याच्या खालच्या फटीला नाक लावून बसे, चौकट हनुवटीने घासे. सशाच्या हनुवटीखाली वासाची ग्रंथी असते. घासलं म्हणजे आपलं नाव लिहिलं.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये पाऊस लागला आणि जुनं सागवानी दार फुगलं. लावलं तरी चार बोटं फट राहायची. सशाचं डोकं जिथून जातं तिथून बहुतेक वेळा ससाही जातो. एका पहाटे अब्बा वजूला गेले आणि नुक्ता आत गेली. दोन बोरू संपवले. फडताळाचं खालचं दारही ओलाव्याने नीट बसत नव्हतं. बस्त्याची गाठ तिने सोडली नाही, कापड कुरतडून वाट काढली आणि एकसष्ठाव्या पानाचा कोपरा खाल्ला. अक्षर एकही गेलं नाही. जदवलीच्या दोन रेघा आणि हाशियाचा तुकडा गेला, तळहाताएवढा.

अब्बा ओरडले नाहीत. पान उजेडात धरून पाहिलं, बस्ता पुन्हा बांधला आणि नाश्त्याला म्हणाले, "इन्हें किसी को दे दो." अब्बा कुठलीही गोष्ट एकदाच सांगतात. हे म्हणाले, सटाण्याकडे मित्राचं शेत आहे, शुक्रवारी सोडून येतो. शेत म्हणजे कुत्री, मुंगूस आणि घार. मुलीने काही विचारलं नाही, ताटावरून उठून गेली. मी अब्बांना म्हटलं, "अब्बा, मला एक महिना द्या. महिन्यात जर एकदाही त्या आत आल्या तर मी स्वतः सोडून येईन." ते काही बोलले नाहीत. आमच्या घरात त्याचा अर्थ होकार.

त्या महिन्यात सल्ल्यांचा पाऊस पडला. फुफू आल्या त्या म्हणाल्या, उंबऱ्यावर लाल मिरचीची पूड टाक. जिथे माणसं अनवाणी चालतात, वजू करून जातात, तिथे मिरची कशी टाकणार? आणि सशाच्या नाकाडोळ्यांना ती किती झोंबेल. फुफूंचा दुसरा सल्ला अधिक सरळ होता. ससा हलाल आहे. बुखारी शरीफमध्ये हजरत अनस (रजि.) यांची रिवायत आहेच. मर्र-उज़-ज़हरानला लोक सशामागे धावून धावून थकले, अनसनी तो पकडला, अबू तलहांनी जबह केला आणि रसूलुल्लाह (स.) यांच्याकडे त्याच्या मांड्या पाठवल्या, त्यांनी त्या कबूल केल्या. फुफूंनी ही हदीस फार रंगवून सांगितली. माझ्या मुलीने त्यांच्याशी चार दिवस बोलणं सोडलं.

रागावून काही होत नाही, हे मला आधीपासून माहीत होतं. बी.एड.ला आम्ही पावलोव्हचा कुत्रा, थॉर्नडाइकची मांजर आणि स्किनरचा उंदीर पाठ केला. सशाचा उल्लेख एकदाच आला होता, १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या एका लहान मुलाची भीती कशी घालवली त्या प्रयोगात. मुलगा खात असताना ससा थोडा थोडा जवळ आणायचा. त्यातलं मला एवढं उपयोगी पडलं की खाणं आणि जागा यांची गाठ घालता येते. शिक्षेची गाठ मात्र जागेशी पडत नाही, माणसाशी पडते. ससा खोलीत गेल्यावर तुम्ही ओरडलात तर तो खोलीला नाही, तुम्हाला घाबरायला लागतो, आणि पुढच्या वेळी तुम्ही नसताना जातो. शाळेत छडीला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आली तेव्हा स्टाफरूममध्ये कुरकुर करणारे काही जण होते. त्यांनी एक ससा पाळून बघावा.

पहिला उपाय फळीचा. दारात दीड फूट उंच फळी आडवी लावली. सुरमा तिच्यावरून न धावता, जागच्या जागी उडी मारून गेली. मोठा ससा दोन-अडीच फूट सहज उडी मारतो, हे मी नंतर पट्टीने मोजलं. शिवाय अब्बा सत्तरीच्या पुढचे, गुडघे दुखतात, हातात काठी. फळी ओलांडताना ते पडले असते तर ससे राहिले काय नि गेले काय. फळी त्याच दिवशी काढली.

दुसरा उपाय जमिनीचा, आणि तो मला अजूनही फार आवडतो. सशाच्या पायाला कुत्र्या-मांजरासारखी गादी नसते, तळव्याला केस असतात. गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय सटकतात, म्हणून बरेच ससे नुसत्या टाइल्सवर पाऊल टाकायचं टाळतात. जिथे सतरंजी तिथे रस्ता, जिथे टाइल्स तिथे नदी. स्वयंपाकघरासमोरची पायपुसणी आणि गोधडी मी उचलली आणि चार फूट टाइल्स उघड्या ठेवल्या. त्या दिवसापासून स्वयंपाकघरात ससा आला नाही. दार उघडं, गॅसजवळ कोथिंबिरीची जुडी, आणि दोघी चार फुटांवर बसून बघतात. हा उपाय अब्बांच्या दारातही चालला असता. पण पॅसेजमधली सतरंजी मी टाकलेलीच मुळी अब्बांसाठी. त्यांचेही पाय टाइल्सवर सटकतात. जी सतरंजी त्यांना खोलीपर्यंत सांभाळून नेते, तीच सशांना नेते. एकाची सोय काढल्याशिवाय दुसऱ्याची अडत नाही, असा तिढा. सतरंजी राहिली.

मग जाळीचं फाटक. मागांची कामं करणारा एक वेल्डर गल्लीच्या तोंडाशी बसतो. त्याला अँगलची चौकट सांगितली, तीन फूट उंच, आणि तिच्यात एक इंची भोकांची वेल्डमेश. उभ्या सळ्या नकोत, सळ्यांमधून बारीक ससा निघतो आणि जाड ससा अडकतो. लाकूड नको, लाकूड खातात. खाली अर्ध्या इंचाहून जास्त फट नको. आणि बिजागऱ्या स्प्रिंगच्या, म्हणजे काठीने ढकललं की उघडेल आणि माणूस गेल्यावर आपोआप लागेल. एका हातात काठी आणि दुसऱ्यात बधना असला की माणसाला कडी लावता येत नाही. वेल्डरने विचारलं, "मॅडम, कुत्रा केवढा आहे?" मी म्हटलं, ससा आहे. त्याने पुन्हा एकदा मोजमाप विचारून घेतलं. अकराशे रुपये झाले.

फाटक बसलं आणि दार मात्र आता उघडं ठेवावं लागलं, कारण फुगलेलं दार आणि स्प्रिंगचं फाटक दोन्ही एकदम चालेनात. तीन वर्षांत पहिल्यांदा पॅसेजमधून अब्बांचा रेडिओ ऐकू यायला लागला. त्यांना ते आवडलं की नाही, मी विचारलं नाही.

फाटकाने निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं वेळेचं होतं. ससा दिवसाचाही प्राणी नाही आणि रात्रीचाही नाही. उजाडताना आणि मावळताना तो सगळ्यात जागा असतो. म्हणजे बरोबर फजर आणि मगरिब. आणि अब्बा खोलीतून नेमके फजरला वजूसाठी निघतात. फाटक उघडून परत लागायला तीन-चार सेकंद लागतात. नुक्ताला एक पुरतो. पहिल्या आठवड्यात ती दोनदा त्यांच्या काठीच्या बाजूने आत घुसता घुसता राहिली. दोन्ही वेळा अब्बांनीच तिला काठीने हलकेच मागे सारलं आणि मला सांगितलं नाही. मुलीने सांगितलं.

तेव्हा मी खाण्याची वेळ बदलली. आधी सकाळची हरळी आणि मेथी आठ वाजता, शाळेला निघताना देत असे. आता फजरची अजान सुरू झाली की मी ओट्यावर जाऊन टोपलं वाजवते. ओटा घराच्या एका टोकाला, अब्बांची खोली दुसऱ्या टोकाला. पाच-सहा दिवसांत दोघी अजान ऐकून आधीच ओट्यावर येऊन बसायला लागल्या. मग अब्बा निघतात. मगरिबला तेच. रमजानमध्ये सहरीला सगळं घरच जागं असतं, तेव्हा टोपलं आणखी आधी वाजतं. हे माझ्या लक्षात यायला हवं असं काही मोठं नव्हतं, पण फाटकापेक्षा याचा उपयोग जास्त झाला, असं माझं मत आहे.

थंडाव्याचा प्रश्न उरला. खोली बंद केली तर तिच्यात जे होतं ते बाहेर कुठेतरी द्यायला हवं, नाहीतर त्या फाटकाची जाळी दातांनी हलवत बसतात. पहाटे चारला तो आवाज फार भयंकर येतो. जुन्या बांधकामातल्या दोन शहाबादी फरश्या गच्चीवर पडून होत्या. त्या आणून बैठकीच्या खिडकीखाली ठेवल्या, उन्हाळ्यात ओल्या फडक्याने पुसते, आणि पाण्याची बाटली फ्रीजरमध्ये गोठवून, टॉवेलात गुंडाळून बाजूला ठेवते. बिळासाठी धान्याचा रिकामा पुठ्ठ्याचा खोका, दोन बाजूंनी दारं कापलेला. एक दार पुरत नाही. बिळाला पळायला दुसरी वाट हवीच. खोका महिन्याभरात कुरतडून संपतो, किराणावाला नवा देतो.

महिना पूर्ण झाला. त्या आत गेल्या नव्हत्या. मी अब्बांना आठवण करून दिली नाही, त्यांनीही काढली नाही. सटाण्याचा विषय संपला.

पानांचं मात्र मला राहवेना. ससे अडवले, पण पावसाळा कोण अडवणार, वाळवी कोण अडवणार. डिसेंबरच्या सुट्टीत अब्बांची परवानगी घेऊन मी बस्ता उघडला. एकशे चौऱ्याऐंशी पानांचे मोबाइलवर फोटो काढले, खिडकीच्या उजेडात, प्रत्येक पान सपाट धरून. चार दिवस लागले. अब्बा पान धरायचे. एखाद्या पानावर थांबायचे, कुठला 'ये' लांबवताना नुक्त्याच्या मापात किती ओढला ते बोटाने दाखवायचे. शायर कोण हे क्वचितच सांगायचे, अक्षराबद्दलच बोलायचे. एकसष्ठावं पान आलं तेव्हा मी ते बाजूला ठेवून पुढे जाणार होते. त्यांनी ते मधोमध ठेवलं आणि म्हणाले, "इसका भी लो." फोटो त्यांना दाखवले तर म्हणाले, "अच्छे हैं. मगर ये काग़ज़ नहीं है." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजूनही नाही. बस्ता आता फडताळाच्या वरच्या कप्प्यात आहे, पत्र्याच्या पेटीत, कडुनिंबाच्या पाल्यासोबत.

त्या जदवलीच्या दोन रेघा पुन्हा ओढता येतील का, असं मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, कागद जोडता येईल, पण ती शाई आता मिळत नाही, रेघ वेगळी दिसेल. पुढे काही बोलले नाहीत. फेब्रुवारीत एकदा मी शाळेतून आले तर मेजावर कोरा कागद होता आणि ते अलिफ आणि बे काढत होते, एकाखाली एक, पानभर. हात थरथरतो. खालच्या ओळी वरच्या ओळींपेक्षा बऱ्या होत्या. माझी मुलगी फाटकाच्या या बाजूला सतरंजीवर बसून बघत होती, तिच्या दोन्ही बाजूंना दोन ससे. आत ये म्हटलं तर नको म्हणाली, फाटक उघडलं तर या शिरतील.

आता या सगळ्यात एक नवी भानगड आहे. लिहायचं म्हणजे कलम तासावे लागतात. कलम तासले की तुकडे पडतात. असरच्या नमाजनंतर अब्बा बोरूचा शाई न लागलेला मागचा तुकडा घेऊन फाटकाशी येतात, खुर्ची ओढतात आणि जाळीतून नुक्ताला चारतात. मी त्यांना सांगितलं, तुकड्याच्या कडा धारदार असतात, तोंडाला लागतील. तेव्हापासून ते तुकडे कानशीने घासून गोल करतात. मी पुन्हा सांगितलं की फाटकापाशी खाऊ मिळाला की ससा फाटकापाशीच बसायला शिकतो, मग मी ओट्यावर कितीही टोपलं वाजवलं तरी येणार नाही, आणि माझी दोन वर्षांची मेहनत पाण्यात जाईल. हे सगळं मी अगदी पावलोव्हपासून समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "बेटा, तुम सुबह को देती हो, मैं असर को देता हूँ. वक़्त अलग है."

परवा असरला मी ओट्यावर जाऊन टोपलं वाजवून पाहिलं. सुरमा आली. नुक्ता नाही आली.